आजाऱ्याच्या उशाशीं बसणाऱ्याला आधीं शिकवा

खोंड कितीही उमदा असला तरी शहाणा कुणबी त्याला पहिल्याच दिवशीं नांगराला जुंपीत नाहीं. आधीं त्याच्या मानेवर नुसतें जूं ठेवतो, जाणत्या बैलाच्या जोडीला बांधतो, मोकळ्या रानांत चार फेरे मारतो, आणि मग कोठें त्याला तासाला लावतो. कोष्ट्याच्या घरीं पोराला प्रथम कांड्या भरावयास बसवितात. मागावर बसण्याची पाळी मागाहून येते. सुताराचा पोर आधीं रंधा धरावयास शिकतो. माझेंच सांगावयाचें तर चाळीस पोरांच्या वर्गापुढें उभें करण्यापूर्वीं मला दोन वर्षें अध्यापक विद्यालयांत बसविलें, सराव-पाठ घ्यावयास लावले, आणि माझ्या चुका लाल शाईनें लिहून माझ्या हातांत दिल्या. मग वाचकहो, मला एका गोष्टीचा उलगडा करून सांगा. ज्यांना स्वतःची कूस बदलतां येत नाहीं, पाण्याचा घोट मागतां येत नाहीं, अंगावरची माशी हाकलतां येत नाहीं, असे आपले आईबाप आपण ज्याच्या हवालीं करतों, त्याला तें काम कोणीं शिकविलें आहे काय, हें आपण कधीं विचारतों काय?

नाहीं विचारीत. दांत मोजल्याशिवाय बैलाला पैसा न सोडणारा आमचा शेतकरी बापाच्या सेवेला माणूस ठेवतांना "महिन्याचें काय घेणार?" एवढेंच विचारतो.

हें मी कोणाला हिणविण्यासाठीं लिहीत नाहीं. पहिला गुन्हेगार मीच आहें. माझी आई अर्धांगवायूनें अंथरुणाला खिळली. मी शाळेंत, बायको रानांत आणि चुलीपाशीं, भाऊ पुण्यास कामाला. दोन महिने आम्हीं कसेबसे ओढले. शेवटीं शहरांतील एका ठिकाणाहून महिन्याच्या ठराविक रकमेवर एक मुलगी आणली. वय विशीच्या आंतबाहेर. अंगावर निळा झगा होता, म्हणून सारें घर तिला "सिस्टर" म्हणूं लागलें. झग्याखालीं काय शिक्षण आहे हें मीं विचारलें नाहीं. महिन्यापूर्वीं ती कापडाच्या दुकानांत घड्या घालीत होती. तिला एक दिवस कोणाच्या तरी घरीं उभें करून "पाहून घे" म्हणून सांगितलें, आणि दुसऱ्या दिवशीं झगा देऊन रवाना केलें. हें सगळें मला फार मागाहून कळलें.

मुलगी आळशी नव्हती. आईला वेळेवर भरवी, केस विंचरी, अंग पुशी. पण आईला ती उताणी निजवी आणि तशीच ठेवी, कारण "हलविलें तर म्हातारीला त्रास होईल" असें तिलाही वाटे आणि आम्हांलाही वाटे. माकडहाडापाशीं कातडी लाल झाली. तिनें तेल लावून ती जागा चोळली. मीं तिला शाबासकी दिली! लाल होतें तें काळें पडलें, काळें होतें तें फुटलें, आणि घरांत वास सुटला तेव्हां आम्ही जागे झालों. मीं त्या पोरीला चार लोकांदेखत नाहीं नाहीं तें बोललों. तिनें झगा घडी करून उंबऱ्यावर ठेवला आणि ती निघून गेली.

आईला गाडींत घालून सोलापूरच्या इस्पितळांत नेलें. एका वयस्क परिचारिकेनें चादर बाजूला सारली. जखमेंतून हाड दिसत होतें. बाई रागावली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "गुरुजी, दर दोन तासांनीं कूस बदलत होतात ना?" मला उत्तर देतां येईना. मग तिनें तेथेंच पाव तासांत मला शिकविलें. कूस कशी बदलावी, पाठीमागें उशी कोठें ठेवावी, पोटऱ्यांखालीं मऊ घडी घालून टाचा अधांतरीं कशा ठेवाव्या, लाल झालेली जागा कां चोळूं नये. अवघा पाव तास! ती पाव तासाची विद्या त्या मुलीला नव्हती, मला नव्हती, माझ्या गांवांत कोणालाच नव्हती. तीन महिन्यांनीं आई गेली. लोक म्हणाले, "सुटली बिचारी." मी मान डोलावली. पण ती कशांतून सुटली हें मला ठाऊक होतें.

आतां दुसरी बाजू ऐका. माझ्या हाताखालीं सातवीपर्यंत शिकलेली एक मुलगी अशाच कामासाठीं पुण्यास गेली. तिला एका थोराड, अंथरुणावर पडलेल्या गृहस्थाकडे चोवीस तासांच्या कामावर ठेवलें. एकटीनें त्यांना काखेंत हात घालून उचलावयाचें, बसवावयाचें, न्हाणीघरांत न्यावयाचें. उचलावें कसें हें तिला कोणीं दाखविलें नव्हतें. एके दिवशीं पाय घसरला. गृहस्थ पडले, ही खालीं सांपडली. त्यांना खरचटलें, हिच्या कंबरेंत चमक भरली ती आजतागायत गेली नाहीं. महिन्याचा पगार कापून तिला गाडीला बसवून दिली. त्या घरांत तिचा कप वेगळा होता. आजोबांची विष्ठा काढणारे हात चालत होते. पण त्याच हातांनीं घरच्या कपांतून चहा घेतलेला चालत नव्हता. वाचकहो, ही आमच्या देशाची जुनी रीत आहे आणि ती अजून मेलेली नाहीं.

या दोन गोष्टींत आजारी माणूसही नाडला गेला आणि सेवा करणारी पोरही नाडली गेली. दोघांचा वैरी एकच, आणि तो म्हणजे अज्ञान. आजाऱ्याची बाजू घेऊन पोरींना शिव्या देणारे पुष्कळ आहेत. पोरींची बाजू घेऊन श्रीमंतांना शिव्या देणारेही आहेत. माझें म्हणणें असें कीं, या दोन बाजू नव्हेतच. जी बाई आजाऱ्याला न पाडतां उचलावयास शिकली, तिची स्वतःची कंबरही शाबूत राहते. जिला हात कधीं आणि कसे धुवावे हें कळलें, ती आजाऱ्याचा रोग आपल्या लेंकरांपर्यंत नेत नाहीं. एकाच शिक्षणानें दोन जीव वांचतात.

हा प्रश्न शहरांतल्या बंगल्यांचा आहे, आमचा नाहीं, असें जर कोणी म्हणेल तर त्यानें आपल्या गल्लींतून एक फेरी मारावी. २०११ सालच्या शिरगणतींत या देशांत साठ वर्षांवरील माणसें १० कोटि ३८ लाख भरलीं. त्यानंतर तीं वाढलींच आहेत. आणि आमच्या तालुक्यांतलीं घरें पहा. थोरला पुण्यास कंपनींत, धाकटा हैदराबादेस किंवा मुंबईस, लेकी सासरीं, आणि माळवदाच्या घरांत म्हातारा-म्हातारी दोघेंच. पूर्वीं एका उंबऱ्याच्या आंत दहा हात असत. एकानें उचलावें, दुसऱ्यानें पाणी तापवावें, तिसऱ्यानें रात्र जागवावी. आतां दोन हात उरले आहेत आणि तेही दिवसभर कामावर. त्यांत इस्पितळांत खाट अडवून ठेवतां येत नाहीं. माणूस थोडा सावरला कीं नळ्या लावलेलाच घरीं पाठवितात. म्हणजे जें काम काल इस्पितळांत शिकलेली परिचारिका करीत होती, तें आज घरीं न शिकलेली सून करते किंवा न शिकलेली मोलकरीण करते. शिवाय ही माणसें पुरविणाऱ्या शहरांतल्या घरांना पोरी कोठून मिळतात? आमच्याच गांवांतून! सेवा घेणारेही आमचे, सेवा देणारेही आमचे. आणि या दोघांमध्यें शिक्षण मात्र कोणाचेंच नाहीं.

कांहीं जण विचारतील, "यांत शिकावयाचें काय आहे? आमच्या आज्या काय शाळेंत गेल्या होत्या?" हा प्रश्न मला आईच्या दिवसकार्याला एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं विचारला. त्यांचा मान राखून मी उत्तर देतों. आमच्या आज्यांच्या हातांत माया होती, आणि मायेवांचून ही सेवा होत नाहीं हें मलाही मान्य आहे. पण मायेच्याच हातांनीं निजलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडांत दूध ओतलें, तें श्वासनळींत गेलें, आणि "घास लागून गेला, त्याची वेळ भरली होती" असें म्हणून आम्हीं कपाळावर हात मारला. पाठीला पडलेल्या भोंकांना आम्हीं "म्हातारपणाचें भोग" म्हटलें. जें अज्ञानानें होतें त्याला दैवाचें नांव देण्याची ही खोड आमच्या समाजाला फार महाग पडली आहे.

सावित्रीबाई फुले यांचें उदाहरण घ्या. १८९७ च्या प्लेगांत चिरंजीव डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत त्या रोग्यांची सेवा करीत होत्या. ज्याच्या सावलीलाही लोक उभे राहत नव्हते अशा एका रोगी मुलाला त्यांनीं मुंढव्याहून उचलून आणलें, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्या गेल्या. आतां पुढची गोष्ट ध्यानांत घ्या. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळें माणसाला होतो हें सिमों नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें कराची येथें दाखविलें तें १८९८ सालीं, म्हणजे सावित्रीबाई गेल्यानंतर. त्यांच्या वेळीं तें ज्ञान जगांत कोणापाशींच नव्हतें. आज मात्र ज्ञान आहे. तें पुस्तकांत आहे, इस्पितळांत आहे, परिचारिकांच्या शाळांत आहे. तें आमच्या उंबऱ्यापर्यंत येत नाहीं एवढेंच. जें ज्ञान असून चारचौघांपाशीं अडून राहिलें, तें खालपर्यंत आणावें याचसाठीं तर फुले पतिपत्नींनीं शाळा काढल्या ना?

तें ज्ञान फार मोठें आहे असेंही नाहीं. मीं परिचारिकांना विचारून आणि वाचून जें समजून घेतलें तें थोडक्यांत सांगतों.

पहिला धडा हातांचा. आजाऱ्याला शिवण्यापूर्वीं आणि शिवल्यानंतर साबणानें हात धुवावे. नुसतें पाणी ओतून नव्हे, तर बोटांच्या बेचक्यांत, नखांपाशीं, अंगठ्याभोंवतीं चोळून. मळ काढल्यावर हात न धुतां घास भरविणें म्हणजे आजाऱ्याला विष घालणें आहे.

दुसरा धडा कूस बदलण्याचा. तो मीं वर सांगितला. दर दोन तासांनीं कूस बदलावी, अंथरूण कोरडें आणि सुरकुतीवांचून ठेवावें, आणि रोज एकदां माकडहाड, खुबे, टाचा, कोपर उजेडांत पाहावे. लाली दिसली तर तेथें भार पडूं देऊं नये आणि आरोग्य केंद्रांत कळवावें.

तिसरा धडा उचलण्याचा. हा हमालाला येतो, पण आम्ही त्याला विचारीत नाहीं! गुडघे वांकवावे, पाठ ताठ ठेवावी, ओझें अंगालगत घ्यावें, कंबरेंत पीळ देऊं नये. काखेंत हात घालून ओढूं नये. लुळ्या बाजूचा खांदा निखळतो. जड माणसाला एकटीनें उचलूं नये; खालीं जाड चादर घालून दोघांनीं सरकवावें. "एकटीनें होणार नाहीं, दुसरा माणूस द्या" असें म्हणण्याचें धैर्यसुद्धां तिला शिकविलें पाहिजे.

चौथा धडा भरविण्याचा. आजाऱ्याला टेकवून ताठ बसवावें, हनुवटी थोडी खालीं घ्यावयास सांगावें, लहान चमचा द्यावा, पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा देऊं नये, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवें करूं नये. अर्धांगवायूनंतर गिळतां येतें कीं नाहीं हें डॉक्टरांनीं पाहिल्याशिवाय तोंडांत कांहींही घालूं नये. आमच्याकडची कडक भाकरी, शेंगाचटणी कितीही गोड लागली तरी अशा माणसाला ती देऊं नये. पातळ कालवावें कीं घट्ट, हेंही डॉक्टरांनाच विचारावें, कारण कित्येकांना घट्ट कालवलेलें गिळतें पण नुसतें पाणी ठसक्यासह फुफ्फुसांत जातें.

पांचवा धडा आपली हद्द ओळखण्याचा. निळा झगा घातला म्हणून कोणी परिचारिका होत नाहीं. परिचारिका ती, जिनें वर्षानुवर्षें शिकून कौन्सिलांत नांव नोंदविलें आहे. सुई टोचणें, नळी घालणें, औषधाची मात्रा बदलणें हें सेविकेचें काम नव्हे. आणि घरच्यांनींही पैसे वांचविण्यासाठीं तें तिच्या गळ्यांत मारूं नये. औषध कोणतें, किती वाजतां दिलें, लघवी किती झाली, ताप किती होता, हें वहींत लिहिणें तिचें काम आहे. आणि तोंड एका बाजूला वांकडें झालें, एक हात लुळा पडला, बोलणें अडखळलें, तर तेल-अंगारा करीत न बसतां १०८ क्रमांकावर गाडी बोलाविणें हेंही तिचें काम आहे. अर्धांगवायूंत गांठ विरघळविण्याचें औषध साधारण साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. अक्कलकोटच्या कडेच्या खेड्यांतून सोलापूर गांठावयाचें, तर त्यांतला एक एक घटका मोलाचा आहे.

हे झाले जिवाच्या रक्षणाचे धडे. पण माणूस म्हणजे नुसतें हाडामांसाचें गांठोडें नव्हे. ज्या बापानें सारी हयात ताठ मानेनें काढली, त्याचें धोतर परक्या पोरीनें फेडावें लागतें तेव्हां त्याच्या मनाचें काय होत असेल? म्हणून मानाचे धडेही तितकेच मोठे आहेत. अंगाला हात लावण्यापूर्वीं "आप्पा, आतां तुम्हांला कुशीवर वळवतें" असें सांगावें. लांकडासारखें वळवूं नये. अंग पुसतांना जेवढें पुसावयाचें तेवढेंच उघडें करावें, दार लोटून घ्यावें. त्याच्यादेखत त्याच्या मळाबद्दल, वासाबद्दल दुसऱ्याशीं बोलूं नये. घरांतली गोष्ट पाणवठ्यावर नेऊं नये. हातपाय बांधूं नयेत. तान्ह्या पोराशीं बोलावें तसें बोलूं नये. आणि आमच्या या कानडी मुलुखाच्या कडेला आणखी एक धडा हवा, तो भाषेचा. आयुष्यभर मराठी बोललेली म्हातारी झटक्यानंतर कधीं कधीं नुसती माहेरची कानडीच बोलते. तिनें "नीरु, नीरु" म्हणून पाणी मागितलें आणि मराठी पोर तिच्याकडे नुसती पाहत राहिली, तर नदीकांठीं तहानेनें जीव जावा तशी गत व्हावयाची. "नीरु" म्हणजे पाणी आणि "नोवु" म्हणजे दुखणें, एवढे दोन शब्द शिकविण्यास असा किती वेळ लागणार?

मान मात्र एका हातानें वाजणारी टाळी नव्हे. जी पोर आमच्या आईला "आई" म्हणते तिला आम्ही काय म्हणतों? तिला पोटभर जेवण, अंग टाकावयास जागा आणि रात्रीं सलग झोंप मिळते काय? आजाऱ्यासाठीं ठेवलेल्या बाईकडून साऱ्या घराचीं भांडीं आणि धुणें काढून घेणें ही चोरीच आहे. फक्त ती धन्यानें केली म्हणून तिला चोरी म्हणत नाहींत. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें २०११ सालीं घरकामगारांच्या हक्कांचा १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यांत आठवड्याला सलग २४ तासांची तरी विश्रांति सांगितली आहे. आपल्या देशांत कामाच्या ठिकाणीं होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ सालचा कायदा घरांत काम करणाऱ्या बाईलाही लागूं आहे, आणि तिची तक्रार ऐकण्यासाठीं जिल्ह्यांत समिति असावी असें तो सांगतो. आजाऱ्याच्या किंवा घरच्या पुरुषाच्या हातून अतिप्रसंग झाला तर तोंड दाबून सोसावयाचें नाहीं, कोठें जावयाचें, हा धडा पहिल्याच आठवड्यांत शिकविला पाहिजे. तसेंच पगार ठरलेल्या तारखेला, सांगितलेल्या रकमेचा आणि लेखी हिशेबानें मिळावा. आणि वेगळा कप फोडून टाकावा. ज्या हाताचा विटाळ वाटतो त्या हाताची सेवा घेण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "गुरुजी, हें सगळें ठीक, पण आमच्या चौथी-सातवी झालेल्या, रानांत राबणाऱ्या पोरींना हें जमणार काय?" या शंकेला उत्तर महाराष्ट्रानेंच देऊन ठेवलें आहे. जामखेड आमच्याच सारख्या अवर्षणी मुलुखांत आहे. तेथें डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं काम आरंभिलें, आणि खेड्यापाड्यांतल्या बायांना, ज्यांतल्या पुष्कळ निरक्षर होत्या, पुष्कळ पूर्वीं अस्पृश्य मानलेल्या समाजांतल्या होत्या, त्यांना गांवच्या आरोग्यसेविका केलें. ज्यांना गांवानें विहिरीपासून दूर ठेवलें त्याच बाया गांवाची बाळंतपणें सुखरूप करूं लागल्या. गडचिरोलींत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं गांवच्या बायांना तान्ह्या बाळांची घरीं काळजी घ्यावयास शिकविलें. पहिल्या महिन्यांत दगावणाऱ्या बाळांचें प्रमाण त्या गांवांत तीन वर्षांत निम्म्याहून खालीं आलें, आणि त्याचा अहवाल १९९९ सालीं लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रानें छापला. केरळांत तर २००८ सालापासून अंथरुणाला खिळलेल्यांची घरीं जाऊन सेवा करण्याचें धोरण सरकारनेंच आंखलें आणि ग्रामपंचायती त्यांत उतरल्या. जी बाई तळहाताएवढ्या बाळाला जगवूं शकते ती म्हाताऱ्याची कूस बदलूं शकणार नाहीं काय? बुद्धि कोणा एका जातीच्या घरीं पाणी भरीत नाहीं. अडतें तें शिकविणाऱ्याअभावीं.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असेंही म्हणतां येत नाहीं. कौशल्य योजनांत घरीं सेवा करणाऱ्या सहायकाचा अभ्यासक्रम आहे. करोनाच्या साथींत जून २०२१ मध्यें घरीं शुश्रूषा करणाऱ्यांसाठीं थोडक्या मुदतीचे वर्गही जाहीर झाले. पण असे वर्ग बहुधा शहरांत भरतात, आणि वर्गांतल्या बाहुलीला कूस बदलून दिलेला दाखला खऱ्या आजाऱ्यापुढें टिकत नाहीं. सराव-पाठ घेतल्याशिवाय मास्तर होत नाहीं, तशी खाटेपाशीं जाणत्या परिचारिकेच्या नजरेखालीं काम केल्याशिवाय सेविका होत नाहीं. म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक, असा वर्ग तालुक्याच्या गांवीं, म्हणजे अक्कलकोटांतच निघावा, आणि त्यांतला निदान तिसरा हिस्सा काळ इस्पितळांत खाटेपाशीं जावा. दोन, तो मराठींत आणि कानडींत शिकवावा. तीन, शिकण्याच्या काळांत मुलींना रोजमुरा मिळावा. कारण जिची चूल रोजच्या मजुरीवर पेटते ती तीन महिने फुकट बसून शिकूं शकत नाहीं, आणि मग शिक्षण पुन्हां पोट भरलेल्यांच्याच घरीं जातें. चार, मुलगेही घ्यावे. पुरुष आजाऱ्याला पुरुष सेवक हवा असतो, आणि सेवा हें बाईच्याच कपाळीं लिहिलेलें काम आहे हा खुळा समज मोडावयास हवा. पांच, जे माणसें पुरवून दर महिन्याला आपला वांटा कापून घेतात, त्यांनीं शिकविल्याशिवाय माणूस पाठवूं नये, आणि पाठविल्यास जबाबदारी त्यांच्यावर असावी. सहा, बचतगटांच्या सभेंत आणि शाळेच्या वरच्या वर्गांत कूस बदलण्याचा तो पाव तासाचा धडा दाखविला जावा; कारण पुष्कळ घरांना माणूस ठेवण्याची ऐपतच नाहीं, तेथें सूनबाईच सेविका आहे आणि नातूच सेवक आहे.

सहावी मागणी सरकारच्या हुकमाची वाट न पाहतां पुरी करतां येते. मीं माझ्या शाळेंत ती सुरूं केली आहे. सातवीच्या मुलामुलींना सतरंजीवर एकमेकांना निजवून कूस बदलावयास शिकवितों. पहिल्या दिवशीं पोरें हंसलीं. दुसऱ्या आठवड्यांत एका मुलानें येऊन सांगितलें, "गुरुजी, अज्जीला मी वळवतो आतां. ती रडत नाहीं."

आणि वाचकहो, उद्यां तुमच्या दारीं कोणी सेविका आली तर चार प्रश्न विचारा. तूं कोठें शिकलीस? आजाऱ्याच्या खाटेपाशीं किती दिवस काम केलेंस? दोन तासांनीं काय करावयाचें असतें? आणि चौथा प्रश्न तिला नव्हे, स्वतःला विचारा. हिच्या जेवणाची, झोंपेची आणि अब्रूची सोय माझ्या घरांत आहे काय?

गेल्या उन्हाळ्यांत मीं त्या पहिल्या मुलीचा ठिकाणा शोधून काढला. ती आतां आपल्या आईबरोबर विड्या वळते. मी दारांत उभा राहिलों आणि चार लोकांदेखत बोललों होतों म्हणून चार लोकांदेखतच तिची माफी मागितली. तिनें पाट दिला, पाणी दिलें, आणि खालीं मान घालून म्हणाली, "गुरुजी, मला कुणी दावलंच नव्हतं वो."

त्या वाक्याला माझ्यापाशीं उत्तर नाहीं. मी शिक्षक आहें, आणि एखादें पोर "मला कुणी दावलंच नव्हतं" असें म्हणतें तेव्हां नापास तें पोर होत नसतें.